पुढे काय झालं त्या मुलीचं?

“पैशांसाठी फोन केलाय का?” पलीकडून काकांनी थेट विचारलं.

“नाही काका. तुम्ही चार वर्षं न चुकता देणगी देत होतात, मग थांबलात. आमचं काही चुकलं असेल तर ऐकून घ्यावं म्हणून फोन केला.”

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ते म्हणाले, “तुमच्या पत्रात ती दृष्टिहीन मुलगी होती बघा, चौथीतली. वर्गात सगळ्यांच्या हातात विज्ञानाचं पुस्तक पहिल्या दिवशी यायचं आणि हिला ते ऐकायला मिळेपर्यंत सहामाही उलटून जायची. तिचं पुढे काय झालं?”

मला सांगता येईना. ते पत्र मीच लिहिलं होतं. त्या मुलीला मी भेटले होते, तिच्या शेजारी बाकावर बसून तिच्याशी बोलले होते. पण पत्र गेलं, देणग्या आल्या, पावत्या फाडल्या आणि पुढच्या वर्षी मी दुसऱ्या मुलाला भेटायला गेले.

“दुसऱ्या वर्षी तुम्ही एका मुलाचं पत्र पाठवलंत,” काका सांगत होते, “मग आणखी कुणाचं. मी देत राहिलो. पण दरवेळी वाटायचं, ती मधेच कुठे सुटली? मग वाटलं, यांनाही माहीत नसेल. मग नाही दिलं.”

आवाजात राग अजिबात नव्हता. फोन ठेवल्यावर मी समोरच्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढच्या ‘शेरा’च्या रकान्यात काय लिहावं हे ठरवत बराच वेळ बसून होते.

आमची संस्था दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी बोलती पुस्तकं तयार करते. माझ्याकडे निधी संकलनाचं काम आहे. आवाहनाची पत्रं लिहायची, देणगीदारांशी बोलायचं, विश्वस्तांपुढे आकडे ठेवायचे. तेरा वर्षं हे करते आहे. त्या वर्षी बरेच जुने देणगीदार गळाले होते, म्हणून पावती पुस्तकांच्या स्थळप्रती आणि एक्सेलची फाइल शेजारी ठेवून मी थांबलेल्यांची यादी काढली होती आणि एकेकाला फोन लावत होते. तोपर्यंत माझी समजूत अशी होती की लोक थांबतात ते ओढाताणीमुळे, नाहीतर दुसरं एखादं काम त्यांना जास्त भावतं म्हणून. काकांचं कारण यातलं कुठलंच नव्हतं. आम्ही त्यांना एका मुलीची काळजी करायला लावली होती आणि मग त्यांना त्या काळजीसकट तसंच सोडून दिलं होतं.

पत्रात एकाच मुलीची गोष्ट का घालायची, याला भक्कम आधार आहे आणि तो मी आजही नाकारत नाही. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या थॉमस शेलिंग यांनी १९६८ मध्येच हे नेमकं टिपलं होतं. सहा वर्षांच्या एका मुलीच्या शस्त्रक्रियेला पैसे हवेत असं कळलं, तर चिल्लर पाठवणाऱ्यांच्या पाकिटांनी टपाल कचेरी भरून जाईल. पण कर कमी पडला, रुग्णालयांची अवस्था ढासळली आणि त्यातून टाळता येण्यासारखे काही मृत्यू वाढले, तर फारसं कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. जिला आपण ओळखतो ती एक आणि जी फक्त हिशेबात आहेत ती अनेक, या दोहोंना मनात सारखी जागा मिळत नाही.

डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर निधी संकलनातल्या प्रत्येकाने मुळातून समजून घ्यावा असा आहे. लोकांकडून एक साधी प्रश्नावली भरून घेतली, त्याचा मोबदला म्हणून पाच डॉलर दिले आणि सोबत एका संस्थेचं आवाहन दिलं. काहींच्या आवाहनात आफ्रिकेतल्या अन्नटंचाईचे लाखांतले आकडे होते. काहींच्या आवाहनात माली देशातली रोकिया नावाची सात वर्षांची मुलगी होती. आकडे वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियाबद्दल वाचणाऱ्यांनी २.३८. दुपटीहून जास्त.

मला खरा धडा मिळाला तो तिसऱ्या गटातून. त्यांना रोकियाची गोष्टही दिली होती आणि आकडेही. आमच्या एका विश्वस्तांचा कायम हाच आग्रह असायचा की गोष्ट असू दे, पण खाली एकूण गरजेचा तक्ता टाका, म्हणजे वाचणाऱ्याला कामाचा आवाका कळेल. ऐकायला हे अगदी रास्त वाटतं. पण त्या गटाची सरासरी आली १.४३. आकड्यांनी गोष्टीला हातभार लावला नाही, उलट तिलाच खाली ओढलं. माणूस एकदा हिशेब करायला बसला की मघाशी आतून हललेलं काहीतरी थंड होतं. हे कळल्यावर मी तक्ता पत्रातून काढला आणि वार्षिक अहवालात नेला. त्या वर्षी आमच्याकडे पत्राला उत्तरं जास्त आली.

इथवर सगळं बरोबर होतं. पण काकांच्या फोननंतर मी तो प्रयोग पुन्हा वाचला आणि लक्षात आलं की देणगीचं पाकीट बंद झालं की तो प्रयोगही संपतो. रोकियाचं पुढे काय झालं, हे पैसे देणाऱ्यांपैकी कुणाला जाणून घ्यावंसं वाटलं का, ते त्यात मोजलेलंच नाही, कारण प्रश्न तो नव्हताच. प्रयोग त्या दिवसापुरता असतो. संस्थेला मात्र त्याच माणसाकडे पुढच्या वर्षी जायचं असतं, त्याच्या पुढच्या वर्षीही. जी युक्ती पहिल्या दिवशी हात सैल करते, ती तिसऱ्या वर्षी काय करते? आमच्या क्षेत्रात हा प्रश्न फार कमी विचारला जातो, कारण विश्वस्तांच्या बैठकीत ‘या मोहिमेतून किती आले’ हेच विचारतात.

युक्त्या खूप आहेत आणि त्यांतल्या काही प्रामाणिकही आहेत. एखादा मोठा देणगीदार म्हणतो, “लोक जेवढे देतील तेवढेच मी वर घालीन.” डीन कार्लन आणि जॉन लिस्ट यांनी पन्नास हजारांहून अधिक पत्रं पाठवून हे तपासलं आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशी जोड आहे म्हटल्यावर दर पत्रामागे मिळणारी रक्कम १९ टक्क्यांनी वाढली. पण एकास एकऐवजी एकास दोन किंवा एकास तीन केलं तरी त्याहून काही वाढलं नाही. म्हणून कुणी मोठी रक्कम देऊ केली, तर ती एकाच वर्षात तिप्पट जोडीत उधळून टाकू नका. साध्या एकास एक जोडीत ती पुरवून वापरा.

काही युक्त्यांपासून मात्र मी लांब राहते. स्टेफानो डेलाविन्या, जॉन लिस्ट आणि उलरिके माल्मेंडियर यांनी २०१२ मध्ये घरोघरी जाऊन देणगी मागण्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आदल्या दिवशी दारावर चिठ्ठी लावून ‘उद्या अमुक वेळात येऊ’ असं कळवलं, तर दार उघडणाऱ्यांचं प्रमाण ९ ते २५ टक्क्यांनी घटलं. चिठ्ठीवर ‘आम्हाला त्रास देऊ नका’ अशी खूण करायची सोय ठेवली, तर देणाऱ्यांचं प्रमाण २८ ते ४२ टक्क्यांनी घटलं. म्हणजे दारात उभं राहून मिळणाऱ्या देणगीचा बराचसा भाग हा ‘नाही’ म्हणायच्या संकोचाचा असतो. भिडेखातर दिलेले पैसे खात्यात जमा होतात हे खरं, पण तो माणूस पुढच्या वेळी तुमचा नंबर बघून फोन उचलत नाही. ‘फक्त शेवटचे तीन तास’, ‘तुम्ही मदत केली नाहीत तर या मुलाचं काय होईल’ असे संदेश मी लिहीत नाही, आणि विश्वस्तांनी सांगितलं तरी लिहिणार नाही हे त्यांना सांगून ठेवलं आहे.

आता जे मला फार बोचतं त्याबद्दल.

देणगीदाराचा हमखास प्रश्न असतो, “माझ्या पैशांतले किती थेट मुलांपर्यंत जातात?” हा प्रश्न विचारण्यात काही वावगं नाही. पैसे वाया जाऊ नयेत असं वाटणं चांगलंच. पण या प्रश्नाच्या भीतीने आम्ही वर्षानुवर्षं पत्राच्या तळाशी ठळक अक्षरांत छापत होतो, ‘आमचा आस्थापना खर्च अत्यल्प आहे.’ म्हणजे पगार वगैरे, संस्था चालवायचा खर्च.

आमच्याकडे पुस्तक कसं बनतं ते सांगते. वाचन स्वयंसेवक करतात, विनामोबदला आणि मनापासून. विज्ञानाच्या पुस्तकात फुलाच्या भागांची आकृती आली की वाचणाऱ्याला थांबावं लागतं, कारण ‘आकृती पहा’ एवढं म्हणून भागत नाही. बाहेरून आत कसं जायचं, आधी निदलपुंज, मग दलपुंज, त्याच्या आत पुंकेसर आणि मधोमध स्त्रीकेसर, हे हाताने चाचपल्यासारखं शब्दांत उभं करायला लागतं. मग ते संपादकाकडे जातं. तो पानाची फडफड, खोकला, दोनदा वाचलेलं वाक्य काढतो आणि धड्याधड्यावर खुणा घालतो, म्हणजे विद्यार्थ्याला थेट सातव्या धड्यावर जाता येतं. मग तपासनीस मूळ पुस्तक समोर धरून पुन्हा सगळं ऐकतात. एकदा वाचणाऱ्याने पुंकेसराच्या जागी स्त्रीकेसर म्हटलं होतं. तपासनीस ताईंनी ते पकडलं नसतं, तर ती चूक मुलांनी पाठ केली असती. एका तासाच्या तयार पुस्तकामागे आमच्याकडे चार-पाच तास सहज जातात.

संपादक आणि तपासनीस पगारी आहेत. त्यांचे पगार जमाखर्चात ‘आस्थापना’ या सदरात पडायचे. ते सदर फुगू नये म्हणून आम्ही दुसरा संपादक नेमणं तीन वर्षं पुढे ढकललं. एकच संपादक, समोर पुस्तकांची रांग, आणि विज्ञानाचं पुस्तक सहामाहीनंतर. म्हणजे पत्राच्या वरच्या भागात मी लिहीत होते की या मुलीला पुस्तक उशिरा मिळतं, आणि खालच्या भागात ज्याबद्दल अभिमानाने लिहीत होते, त्याच काटकसरीमुळे ते उशिरा मिळत होतं. हे दोन्ही एकाच कागदावर होतं आणि मला दिसलं नव्हतं.

हे काही आमच्यापुरतं नाही. ॲन ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी २००९ मध्ये या दुष्टचक्राला संस्थांच्या उपासमारीचं चक्र म्हटलं. देणारे अवास्तव कमी खर्चाची अपेक्षा ठेवतात, संस्था तेवढा कमी खर्च दाखवतात, त्यामुळे अपेक्षा आणखी खाली जाते, आणि संस्थेकडे चांगली माणसं, यंत्रं, प्रशिक्षण काहीच उरत नाही. २०१३ मध्ये तर गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या, सेवाभावी संस्थांची माहिती देणाऱ्या आणि त्यांना पारखणाऱ्या, तीन अमेरिकी संस्थांच्या प्रमुखांनीच देणगीदारांना खुलं पत्र लिहिलं की आस्थापना खर्चाची टक्केवारी हे संस्थेचं काम मोजायचं माप नव्हे.

पण माणसाचं मन पत्राने बदलत नाही, हेही समजून घ्यायला हवं. उरी ग्नीझी, एलिझाबेथ कीनन आणि आयलेट ग्नीझी यांनी २०१४ मध्ये चाळीस हजार लोकांना पाठवलेल्या आवाहनाचे निष्कर्ष मांडले. एका गटाला साधं आवाहन. दुसऱ्याला सांगितलं, एका देणगीदाराने सुरुवातीची रक्कम दिली आहे. तिसऱ्याला, तुमच्या देणगीइतकीच भर तो घालेल. चौथ्याला, त्याच्या पैशातून आस्थापना खर्च भागला आहे, आता तुमचा प्रत्येक पैसा थेट कामाला. साध्या आवाहनातून ८,०४० डॉलर आले, चौथ्यातून २३,१२०. बाकी दोन्ही मधे कुठेतरी राहिली. माणसाला खर्चाचं वावडं नसतं. आपला पैसा, आपला स्वतःचा, कामापर्यंत पोचला असं त्याला वाटायला हवं असतं.

आम्ही यातून दोन गोष्टी केल्या. कामाची उत्तम जाण असलेल्या दोन मोठ्या देणगीदारांना भेटून सगळा जमाखर्च उघडा ठेवला आणि सांगितलं की तुमची देणगी आम्हाला पगारांसाठी हवी आहे. एकांनी नाही म्हटलं. दुसऱ्यांनी तासभर ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून काम पाहिलं आणि हो म्हटलं. दुसरी गोष्ट म्हणजे ‘अत्यल्प’ हा शब्द मी पत्रातून काढून टाकला. त्याऐवजी तपासनीस ताई काय करतात ते लिहिलं, पुंकेसराच्या चुकीसकट. दुसरा संपादक आला. गेल्या दोन वर्षांत विज्ञानाची पुस्तकं शाळा उघडायच्या आठवड्यात तयार होती.

आभाराच्या फोनबद्दलही सांगायला हवं, कारण त्यावर माझी फार श्रद्धा होती. दिल्यानंतर कुणीतरी आपुलकीने फोन करून आभार मानले की माणूस पुन्हा देतो, असं आमच्या क्षेत्रात सगळेच मानतात. अन्या सामेक आणि चक लॉन्गफील्ड यांनी पाच लाखांहून अधिक देणगीदारांवर हे तपासलं. या क्षेत्रातल्या जाणकारांना आधी अंदाज विचारला, तेव्हा त्यांनी चांगलीच वाढ होईल असं सांगितलं. प्रत्यक्षात फोन आलेल्यांनी आणि न आलेल्यांनी पुढच्या वर्षी जवळजवळ सारखंच दिलं. हे २०२३ मध्ये छापून आलं तेव्हा मी खूप अस्वस्थ झाले होते. पण ते फोन काय होते? देणगी दिल्यावर काही महिन्यांनी, ठरावीक मजकूर, धन्यवाद. त्यात बातमी कुठली नव्हती. काकांना माझ्या आभारांची भूक नव्हतीच. त्यांना त्या मुलीची खबर हवी होती. बातमी कळवल्याने देणगी वाढते असा माझा दावा नाही. पण जी काळजी मी मुद्दाम जागी केली, तिला उत्तर देणं माझं काम आहे, मग पुढच्या वर्षी पैसे येवोत न येवोत.

तर मी त्या मुलीला शोधलं. तिने शाळा बदलली होती, तिच्या जुन्या बाईंनी घरच्यांना विचारून मग संपर्क करून दिला. तेव्हा ती दहावीत होती. आवाज पार बदललेला. आमची पुस्तकं अजून ऐकत होती, पण दुप्पट वेगाने. तिने मला ऐकवून दाखवलं, मला एक शब्द धड कळला नाही आणि तिला सगळं कळत होतं.

मी तिला म्हटलं, “तू चौथीत असताना तुझ्याबद्दल एक पत्र लिहिलं होतं. ऐकशील?”

मी वाचायला लागले. पहिल्या परिच्छेदात माझं वाक्य होतं, ‘काळोखाशी झुंजणारी ही चिमुरडी.’ ती म्हणाली, “थांबा ताई. काळोखाशी म्हणजे?”

मला उत्तर सुचेना.

“मला जन्मापासून दिसत नाही. काळोख कसा असतो ते मला माहीत नाही. मी कुणाशी झुंजत नव्हते. मला राग यायचा, पुस्तक उशिरा यायचं त्याचा. बाई प्रश्न विचारायच्या आणि सगळ्यांना यायचं, मला नाही. तेवढंच लिहायचं ना.”

तिची आई बाजूला बसली होती. म्हणाली, “तेव्हा तुम्ही फॉर्मवर सही घेतली होतीत. काय लिहिणार ते नव्हतं विचारलं आम्ही.” त्यांनी विचारलं नव्हतं म्हणण्यापेक्षा मी सांगितलं नव्हतं, हेच खरं. सही होती, म्हणून माझ्या लेखी संमती होती. ज्या ओळीवर लोकांनी पैसे दिले, ती ओळ जिच्याबद्दल होती तिने सहा वर्षांत एकदाही ऐकली नव्हती.

तेव्हापासून पत्र छापायला जायच्या आधी ज्याच्याबद्दल आहे त्याला वाचून दाखवते, घरच्यांसमोर. तो ‘हे काढा’ म्हणाला की काढते, कितीही परिणामकारक ओळ असली तरी. यात वेळ जातो. गेल्या वर्षी एका मुलाने अख्खं पत्रच नको म्हटलं, आणि छापखान्याची तारीख आठ दिवस पुढे गेली. विश्वस्त नाराज झाले, पण मी मागे हटले नाही. पत्रं मात्र पूर्वीपेक्षा चांगली होतात असं मला वाटतं. ‘काळोखाशी झुंजणारी’ कुणीही लिहील. ‘सगळ्यांना यायचं, मला नाही’ हे तिच्याशिवाय कुणाला सांगता आलं नसतं.

तिच्या आणि तिच्या आईच्या संमतीने, नाव न घालता, एक पानी पत्र तयार केलं आणि त्या वर्षी तिच्या गोष्टीवरून ज्यांनी दिलं होतं त्या सगळ्यांना पाठवलं. चालू असलेल्यांना आणि थांबलेल्यांनाही. ती कितवीत आहे, पुस्तकं कशी ऐकते, तेव्हा उशीर का व्हायचा आणि त्यात आमचा वाटा काय होता. काळोखाच्या ओळीबद्दल तिने जे सांगितलं तेही लिहिलं. खाली खाते क्रमांक नाही, क्यूआर कोड नाही. त्यावर विश्वस्तांशी मोठा वाद झाला, टपालखर्च करायचा आणि मागायचं नाही म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. काही जणांनी आपणहून देणगी पाठवली, बऱ्याच जणांनी काही पाठवलं नाही. एका आजींनी आमचंच पत्र परत पाठवलं, ‘सगळ्यांना यायचं, मला नाही’ या ओळीखाली पेनाने दोनदा रेघ मारून, आणि समासात फक्त ‘वाचलं’ असं लिहून. ते पाकीट माझ्या खणात आहे.

काकांना मी पत्राची वाट न बघता आधी फोन केला.

“काका, ती सापडली. दहावीत आहे.”

“दहावीत?” ते मोठ्याने म्हणाले, आणि आतल्या कुणाला तरी हाक मारून सांगितलं, “अगं, ती मुलगी दहावीत आहे!” मग मला विचारलं, “विज्ञान आवडायचं ना तिला? पुढे शास्त्र शाखेला जाणार का?”

मी हे तिला विचारलंच नव्हतं.

“विचारून सांगते काका.”

“सांगा. संध्याकाळी सहानंतर केलात तर बरं, दुपारी मी झोपतो.”

रजिस्टर उघडलं. त्यांच्या नावापुढचा शेऱ्याचा रकाना इतके दिवस कोराच होता. त्यात लिहिलं, ‘शास्त्र शाखा? विचारून कळवणे. संध्या. ६ नंतर.’